नवख्या वेब डिझायनरने आपला दर कसा ठरवावा

नवीन आहात तर दर कमी ठेवा, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. नवख्या माणसाला कामाला जास्त वेळ लागतो आणि त्याच्या शिकण्याचे पैसे क्लायंटने का भरावेत, हा प्रश्न रास्त आहे. पण त्यासाठी तासाचा दर पाडायचा नसतो. दर तुमच्या खर्चावरून ठरतो, आणि तुम्ही नवे आहात म्हणून घरभाडं किंवा लॅपटॉप स्वस्तात मिळत नाही. कमी करायचे ते तास. जे तास शिकण्यात गेले ते बिलात धरायचे नाहीत, उरलेले सगळे पूर्ण दराने धरायचे. असा हिशेब केला तर क्लायंटलाही पटतो आणि तुमच्याही अंगावर येत नाही.

तासाचा किमान दर

हा आकडा क्लायंटला सांगायचा नसतो. तो तुमच्या वहीत राहतो आणि कुठलंही काम घ्यायचं की सोडायचं ते त्यावरून ठरतं.

आधी वर्षात पैसे मिळवून देणारे तास किती, ते पाहू. वर्षाचे आठवडे ५२. त्यातून सुट्टीचे ४ आणि आजारपण, सण, घरची कामं यांचे २ काढले की ४६ उरतात. आठवड्याला ४० तास धरले तर १,८४० तास होतात. पण यातल्या प्रत्येक तासाचं बिल होत नाही. काम शोधणं, कोटेशन लिहिणं, ज्यातून काहीच निष्पन्न होत नाही अशा भेटी, बिलं पाठवणं, थकलेल्या पैशांचा पाठपुरावा, स्वतःची वेबसाइट, नवं काही शिकणं हे सगळं त्याच तासांत बसवावं लागतं. पहिल्या वर्षी निम्मे तास जरी बिलात बसले तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे ९२० तास. जम बसल्यावर हे प्रमाण वाढतं, पण आज हिशेब निम्म्यावरच करा.

आता खर्च. चलन कोणतंही असलं तरी रीत तीच, म्हणून महिन्याचा घरखर्च १०० धरू. वर्षाचे झाले १,२००. अडीअडचण आणि बचत यासाठी १५ टक्के, म्हणजे १८०. बेरीज १,३८०. ही रक्कम कर भरून हातात उरायला हवी. उदाहरणापुरता कर २० टक्के धरला तर इथे एक चूक हमखास होते: लोक १,३८० मध्ये २० टक्के मिळवतात आणि १,६५६ वर थांबतात. मात्र १,६५६ वर २० टक्के कर गेला की हातात १,३२५ च्या आसपासच उरतात. मिळवायचं नाही, भागायचं आहे. १,३८० ÷ ०.८० = १,७२५. यात धंद्याचा खर्च घाला: सॉफ्टवेअरची वर्गणी, इंटरनेट, वीज, हिशेबनीस, बँकेचे आकार आणि लॅपटॉपच्या किमतीचा दरवर्षीचा चौथा हिस्सा, कारण चार वर्षांनी तो बदलावा लागतो असं धरूनच चाललेलं बरं. हा खर्च २०७ धरला तर एकूण १,९३२ होतात. त्याला ९२० तासांनी भागलं की तासाला २.१.

हा आकडा नीट पाहा. बरेच नवे लोक महिन्याच्या खर्चाला महिन्याच्या १६० तासांनी भागतात आणि ०.६२५ वर येऊन थांबतात. खरा किमान दर त्याच्या तिपटीहून जास्त आहे. सुट्ट्या, कर, न मिळालेली कामं आणि मोडलेला लॅपटॉप हे पगारदार माणसाच्या बाबतीत कंपनीच्या हिशेबात जातं. फ्रीलान्सरला ते तासाच्या दरातूनच भागवावं लागतं.

नोकरी सांभाळून संध्याकाळी काम करत असाल तर घरखर्च आधीच भागलेला असतो, आणि म्हणून पाव दरात काम घेण्याचा मोह होतो. तरीही दर पूर्णवेळ काम करताय असं समजूनच काढा. पाव दराने जमवलेल्या क्लायंटांच्या भरवशावर उद्या नोकरी सोडता येत नाही.

पानं मोजू नका, तास मोजा

“पानाला इतके” हा भाव सोपा वाटतो, पण तो बहुधा फसतो. ‘आमच्याविषयी’चं पान दोन तासांत होतं आणि त्याच वेबसाइटवरच्या होम पेजला नऊ तास लागतात. काम टप्प्यांत फोडा आणि प्रत्येक टप्प्यासमोर तास लिहा. ऑनलाइन विक्री नसलेल्या, वर्डप्रेसवर (वेबसाइट बांधायच्या तयार प्रणालीवर) केलेल्या साध्या पाच पानी वेबसाइटचा ढोबळ अंदाज असा:

गरज समजून घेणं, प्रश्नावली: ४
पानांची रचना ठरवणं, मजकूर गोळा करणं: ३
वायरफ्रेम (पानांचा कच्चा आराखडा): ५
होम पेजचं डिझाइन: ९
बाकीच्या चार पानांचं डिझाइन: १०
बदलांच्या दोन फेऱ्या: ६
प्रत्यक्ष बांधणी: १६
मोबाइल आणि वेगवेगळ्या ब्राउझरवर तपासणी: ५
फॉर्म, स्पॅमपासून बचाव, ईमेल पोचते का ते पाहणं: ३
शीर्षकं, वर्णनं, फोटोंचं वजन कमी करणं, जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे वळवणं: ३
वेबसाइट सुरू करणं, एसएसएल (सुरक्षित जोडणी), बॅकअप: ३
क्लायंटला वापर शिकवणं: २

बेरीज ६९. त्यावर फोन, ईमेल आणि भेटी यांसाठी १५ टक्के, म्हणजे १० तास. झाले ७९. आपला अंदाज चुकेल या हिशेबाने २० टक्के राखून ठेवा, म्हणजे आणखी १६. एकूण ९५ तास. वरच्या दराने किंमत होते २०० च्या आसपास, म्हणजे सुमारे दोन महिन्यांचा घरखर्च. आठवड्याला बिलाचे २० तास धरले तर काम पावणेपाच आठवडे चालेल. क्लायंटला तारीख देताना हाच आकडा वापरा. ९५ तास म्हणजे अडीच आठवडे, असं धरलं तर तारीख चुकणारच.

राखीव २० टक्के हे तुमच्या चुकलेल्या अंदाजासाठी आहेत. क्लायंटने मागाहून सुचवलेल्या जादा गोष्टी त्यात बसवायच्या नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा.

नवखा माणूस यादीतली डिझाइनची कामं बरोबर लिहितो आणि शेवटची चार विसरतो. त्यातली दोन तर अशी आहेत की विसरल्यावर रात्री जागावं लागतं. क्लायंटच्या डोमेनवर आधीपासून ईमेल चालू आहे आणि तुम्ही नव्या होस्टिंगसाठी (वेबसाइट ठेवायच्या जागेसाठी) नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदललात, तर जुन्या ठिकाणच्या एमएक्स नोंदी (ईमेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या) आपोआप सोबत येत नाहीत. वेबसाइट झकास उघडते, पण कार्यालयाची ईमेल बंद पडते. म्हणून आधी जुन्या डीएनएसमधल्या (डोमेनच्या नोंदवहीतल्या) सगळ्या नोंदी उतरवून घ्यायच्या, नव्या जागी भरायच्या, मग बदल करायचा. नुसती वेबसाइटच हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हात न लावता फक्त ए नोंद (वेबसाइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी) बदलणं सुरक्षित. दुसरी गोष्ट संपर्क फॉर्मची. चाचणीत तो चालतो, पण सर्व्हरवरून थेट पाठवलेली ईमेल स्पॅममध्ये जाते किंवा पोचतच नाही. एसएमटीपी (ईमेल पाठवणारी सेवा) जोडणं, एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी (ईमेल खरंच या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या) घालणं याला तास दीड तास लागतो. क्लायंटच्या दृष्टीने मात्र चौकशीच्या ईमेल न पोचणं म्हणजे वेबसाइट बंद असणंच. हे तास किमतीत नसतील तर ही कामं घाईत होतात, आणि घाईत झालेल्या या कामांचं नुकसान क्लायंटच्या धंद्याला सोसावं लागतं. फार कमी दर क्लायंटच्याही हिताचा नसतो, तो यामुळेच.

ऑनलाइन दुकान असेल तर वस्तू भरण्याचे तास वेगळे मोजा. एका वस्तूचा फोटो, वर्णन, किंमत, रंग-मापं भरायला १२ मिनिटं धरली तर ६० वस्तूंना १२ तास लागतात. “वस्तू तर तुम्हीच टाकाल ना?” हा प्रश्न कोटेशननंतर येतो, म्हणून उत्तर आधीच लिहून ठेवा. वेबसाइट दोन भाषांत हवी असेल तर काम दुप्पट होत नाही, पण दीडपटीच्या जवळ जातं. तोच मजकूर दुसऱ्या भाषेत लांबतो, बटणं आणि मेनू मोडतात, तपासणी दोनदा करावी लागते.

शिकण्याचे तास कसे वेगळे काढायचे

पहिला क्लायंट मिळण्याआधी सरावाची एक पूर्ण वेबसाइट टायमर लावून करा, अगदी डोमेन जोडण्यापर्यंत. क्लॉकिफाय किंवा टॉगलसारखं कुठलंही साधन चालेल, वही-घड्याळही पुरेल. प्रत्येक नोंदीला ‘काम’ किंवा ‘शिकणं’ अशी खूण करा. मेनू मोबाइलवर का उघडत नाही हे शोधायला तीन तास गेले आणि दुरुस्ती वीस मिनिटांत झाली, तर तीन तास शिकण्यात, वीस मिनिटं कामात. मग दुसरी वेबसाइट करा. तीच गोष्ट दुसऱ्यांदा करायला लागलेला वेळ हाच तुमचा खरा वेळ, आणि कोटेशनमध्ये तोच धरायचा.

समजा बांधणीला १६ तास धरले आणि प्रत्यक्षात २६ लागले. वरचे १० तास शिकण्याचे असतील तर बिल १६ चंच. पण ते १० तास क्लायंटने तीनदा मजकूर बदलल्यामुळे गेले असतील तर ते शिकणं नव्हे. हा फरक नोंदी असल्याशिवाय कळत नाही. नोंदी नसल्या की सगळा दोष आपलाच वाटतो आणि पुढचं कोटेशन उगाच आणखी खाली येतं.

क्लायंटला आकडा कसा सांगायचा

आतून तास मोजा, बाहेर एकच ठरलेली किंमत सांगा. तासावर काम केलं तर क्लायंटला बिल कुठवर जाईल ही धास्ती राहते. शिवाय तुमचा हात बसून काम लवकर होऊ लागलं की तुमचंच उत्पन्न घटतं. ठरलेल्या किमतीचा धोका एकच: काम वाढत जातं आणि किंमत तिथेच राहते. म्हणून किमतीसोबत कामाची यादी हवीच. यादीशिवाय ठरलेली किंमत हा आतबट्ट्याचा व्यवहार होतो.

कोटेशन लिहिण्यापूर्वी एवढं विचारा: मजकूर कोण लिहिणार आणि कधी देणार? फोटो आहेत का, ते वापरायचा हक्क आहे का? डोमेन कोणाच्या नावावर आहे, त्याचा पासवर्ड कोणाकडे? मंजुरी देणारी एक व्यक्ती कोण? वेबसाइट सुरू झाल्यावर ती कोण सांभाळणार? शेवटून दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. तीन भागीदार वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं सांगणार असतील तर बदलांच्या सहा तासांचे पंधरा होतात.

पहिल्याच फोनवर “अंदाजे किती?” असं विचारलं तर गप्प बसणंही बरं नाही आणि एक आकडा फेकणंही. “अशा कामाला साधारण इतक्यापासून इतक्यापर्यंत लागतात, यादी झाली की दोन दिवसांत नक्की किंमत लिहून देतो” असं म्हणा. समोरच्याच्या लक्षात खालचाच आकडा राहतो, त्यामुळे ज्या किमतीत काम करायला तुम्ही खरोखर तयार आहात तोच आकडा खाली ठेवा.

कोटेशनमधला मजकूर असा असू शकतो:

“या किमतीत होम पेजसह पाच पानं, एक संपर्क फॉर्म आणि डिझाइनमधल्या बदलांच्या दोन फेऱ्या धरल्या आहेत. एक फेरी म्हणजे सर्वांच्या सूचना एकाच यादीत, डिझाइन पाठवल्यापासून पाच कामकाजी दिवसांत. मजकूर आणि फोटो आपल्याकडून. यादीबाहेरच्या कामाचा लेखी अंदाज आधी दिला जाईल आणि आपल्या होकारानंतरच ते सुरू होईल. डोमेन, होस्टिंग आणि सशुल्क प्लगिनचा (वेबसाइटला जोडायच्या जादा सुविधांचा) खर्च यात नाही. कर वेगळा. ही किंमत ३० दिवस लागू राहील.”

‘दोन फेऱ्या’ एवढंच लिहून भागत नाही. फेरी म्हणजे काय ते सांगितलं नाही तर रोज एकेक सूचना येते आणि त्या सगळ्या मिळून पहिलीच फेरी ठरते.

डोमेन, होस्टिंग आणि प्लगिन क्लायंटच्या नावावर आणि क्लायंटच्याच कार्डावर घ्या. भिडेखातर आपल्या खात्यातून भरलेले पैसे परत मागताना अवघड होतं. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची आठवणही तुम्हालाच येते, आणि ती चुकली तर वेबसाइट बंद पडल्याचा ठपका तुमच्यावर बसतो. डोमेन डिझायनरच्या नावावर असणं तर क्लायंटवरही अन्याय आहे. ती त्याची मालमत्ता.

एखाद्या फ्रीलान्सिंग वेबसाइटमार्फत काम येत असेल तर तिचं कमिशनही भागूनच काढा. कमिशन १० टक्के असेल आणि हातात २०० हवे असतील तर २२० नव्हे, २२२ सांगावे लागतात.

पैसे कधी घ्यायचे

पहिल्या काही कामांसाठी ५०-२५-२५ ही विभागणी चांगली: निम्मे सुरुवातीला, पाव डिझाइन दिल्यावर, पाव वेबसाइट क्लायंटच्या डोमेनवर चढवण्याआधी. शेवटचा हप्ता ‘आधी’ घ्यायचा, नंतर नाही. वेबसाइट एकदा चालू झाली की उरलेल्या पैशांची घाई फक्त तुम्हालाच असते. ॲडव्हान्स खात्यात जमा होईपर्यंत वायरफ्रेमसुद्धा सुरू करू नका. जो क्लायंट ॲडव्हान्सच टाळतो तो शेवटचा हप्ताही टाळण्याची शक्यता मोठी.

मधला हप्ता ‘मंजुरी मिळाल्यावर’ असा लिहू नका. मंजुरी महिनाभर लांबली की पैसेही लांबतात. ‘डिझाइन सादर केल्यावर सात दिवसांत’ असं लिहा. कामं सर्वांत जास्त रखडतात ती मजकुरासाठी, म्हणून तेही लिहून टाका: ३० दिवस मजकूर आला नाही तर काम थांबवलं जाईल, तोवर झालेल्या कामाचं बिल होईल आणि पुन्हा सुरू करताना नवी तारीख मिळेल.

घासाघीस झाली तर

वरच्या हिशेबात अडीअडचणीसाठी धरलेला भाग, त्यावरच्या करासह, एकूण किमतीच्या साधारण १२ टक्के आहे. म्हणजे १० टक्के सवलत दिली की तो बहुतेक सगळा गेला. म्हणून किंमत उतरवायची तर यादी उतरवा. “एवढ्या रकमेत बसवायचं असेल तर दोन पानं आणि बदलांची एक फेरी कमी करू, ती पुढच्या महिन्यात घेता येतील” हे उत्तर भांडणाचं नाही आणि प्रामाणिक आहे. काहीच न वगळता किंमत उतरवली तर पहिला आकडा फुगवलेला होता असं समोरच्याला वाटतं, आणि तसं वाटण्यात त्याची चूक नाही.

एखाद्या संस्थेसाठी कमी पैशांत काम करायची मनापासून इच्छा असेल तर जरूर करा. फक्त बिलावर पूर्ण किंमत लिहा, खाली सवलत वेगळी दाखवा. त्यांच्या ओळखीने येणारा पुढचा माणूस मग पूर्ण किंमत धरून येतो. “आत्ता फुकट करा, पुढे भरपूर काम देऊ” हे मात्र नम्रपणे नाकारा. पुढचं काम खरंच असेल तर दोन्ही कामांचं एकत्र कोटेशन द्या आणि सवलत दुसऱ्या कामाच्या बिलात ठेवा.

वेबसाइट सुरू झाल्यानंतर

सुरू झाल्यापासून ३० दिवस आपल्या चुकांची दुरुस्ती मोफत करा. चूक म्हणजे जे यादीत होतं आणि नीट चालत नाही ते. फॉर्म जात नसेल तर चूक. फॉर्ममध्ये आणखी दोन रकाने हवे असतील तर नवं काम. त्यानंतरची देखभाल महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर घ्या: अपडेट, बॅकअप, तो बॅकअप अधूनमधून परत चढवून पाहणं आणि छोट्या बदलांसाठी एक तास. सगळं मिळून महिन्याला दोन तास धरले तर किंमत तासाच्या दराच्या दुप्पट. न वापरलेला तास पुढच्या महिन्यात जमा होत नाही हे लिहा, नाहीतर वर्षाअखेरीस बारा तासांचं काम एकदम गळ्यात येतं.

दर कधी वाढवायचा

प्रत्येक काम संपल्यावर मिळालेल्या रकमेला ‘काम’ अशी खूण असलेल्या तासांनी भागा. आलेला आकडा किमान दराखाली असेल तर आधी कुठल्या टप्प्यावर तास वाढले ते पाहा. नेहमी एकाच टप्प्यावर वाढत असतील तर पुढच्या कोटेशनमध्ये त्याच टप्प्याचे तास वाढवा. दराला हात लावायची गरज नाही. लागोपाठ चार-पाच कोटेशन्स एका शब्दाचीही घासाघीस न होता मंजूर झाली तर नव्या क्लायंटसाठी दर १० ते १५ टक्क्यांनी वाढवा. उलट एकामागून एक नकार येत असतील तर लगेच दर पाडू नका. नकार देणाऱ्यांना विचारा. पुष्कळदा किंमत जास्त नसते. यादीत त्यांना नको असलेल्या गोष्टी असतात.

जुन्या क्लायंटचा दर चालू कामाच्या मध्येच बदलू नये. दोन महिने आधी लेखी कळवा: “अमुक तारखेपासून देखभालीची रक्कम इतकी होईल, त्याआधी ठरलेली कामं जुन्या दरानेच पूर्ण होतील.” यात कारणांची लांबलचक यादी नको. ज्यांना नवी रक्कम परवडत नाही त्यांना वेबसाइटचे सगळे पासवर्ड, ताजा बॅकअप आणि प्लगिनच्या नूतनीकरणाच्या तारखा एका कागदावर लिहून द्या, म्हणजे दुसऱ्या कोणाकडे जाताना त्यांची अडचण होणार नाही.